पाय ओले झाले, पण पाणी कुठलं?

(मोटार मेकॅनिकचा अभ्यास करणारी मुलं आणि काही टॅक्सीवाले यांच्यासमोर चिपळूण भागातल्या एका एसी मेकॅनिकने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, टेबलावर हा काळपट, जाळीदार ठोकळा दिसतोय ना, ती एका जुन्या गाडीच्या एसीची कूलिंग कॉइल आहे, हवा हिच्यावरून जाताना गार होते. पुस्तकात तिला इव्हॅपोरेटर म्हणतात, गॅरेजमध्ये कुणी म्हणत नाही. शेजारी आहे तो तिच्या खालचा प्लॅस्टिकचा ट्रे, आणि ट्रेच्या कोपऱ्यात करंगळीएवढं हे भोक. या भोकाला रबराची नळी लागते. नळी इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून बाहेर जाते आणि गाडीखाली सुटते. आज मी बोलणार आहे ते गाडीत पायाखाली येणाऱ्या पाण्याबद्दल, आणि मुख्यतः या भोकाबद्दल.

आता या ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओततो. बघा, जात नाहीये. ट्रे जरा उजवीकडे कलता केला, की पाणी उजवीकडे. डावीकडे केला, की काठावरून खाली. हे टेबल पुसून घेऊ नंतर. आता भोकात ही तार हलकेच फिरवतो... निघालं. काय निघालं? चिमूटभर. धूळ, थोडा कापूस, केस आणि एक वाळका देठ. एवढ्याने पंधरा लाखांच्या गाडीतला माणूस मोजे काढून बसतो.

पण थांबा. पाय ओले झाले म्हणजे हे भोक बुजलं, असं लगेच धरून चालू नका. मी धरून चाललो होतो, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

आधी एसीच्या बाजूने दोन शब्द. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "गाडीखाली पाणी पडतंय, एसी गळतोय." अहो, ते पडायलाच पाहिजे! १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही. त्यावर विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने यंत्र आखलं. त्याला माणसं गार करायची नव्हती, हवेतला ओलावा आवरायचा होता. म्हणजे हवेतून पाणी काढणं हे या यंत्राचं पहिल्या दिवसापासूनचं काम आहे. १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी दिला तेव्हा कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे होती, सगळा कारभार डिकीतली जागा खायचा. बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. पुढे कॉइल डॅशबोर्डखाली आली आणि तिचं पाणी आपल्या पायांच्या शेजारी आलं.

पाणी किती निघतं? आपल्या कोकणात पावसाळी दिवशी ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरा. एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा कॉइलवरून १० अंशांपर्यंत थंड झाली, की तिच्यात नऊ-साडेनऊ ग्रॅमच मावते. उरलेली पंधराएक ग्रॅम कॉइलवर दव होऊन जमते. हिशेबासाठी तासाला शंभर घनमीटर बाहेरची हवा आत घेतली असं धरा, दीड लिटर पाणी झालं! आतलीच हवा फिरवत ठेवली तर बरंच कमी. आणि हीच गाडी मे महिन्यात नागपूरला न्या. ४४ अंश, आर्द्रता १० टक्के. कॉइल १० अंशांवर असली तरी एक थेंब पडणार नाही, कारण त्या हवेत मुळात तेवढी वाफच नाही. तिकडचा पाहुणा इकडे आला की घाबरतो, गाडी फुटली म्हणतो. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, बिल करू नका.

उलट, पावसाळ्याच्या दिवसांत एसी मस्त गार करतोय, अर्धा तास झाला, आणि गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत, तर कान टवकारा. पाणी तयार झालंय, बाहेर आलं नाही. मग कुठे आहे?

आता ती गोष्ट. माझं गॅरेज तेव्हा नवीन होतं. एक गुरुजी गाडी घेऊन आले, शेजारच्या सीटच्या पायाखाली पाणी. मी हात लावला, पाणी स्वच्छ, वास नाही. म्हटलं, ट्रे फुटला असणार किंवा कॉइलच्या घराचा जोड उघडला असणार. डॅशबोर्ड उतरवला. दोन दिवस गाडी उघडी. कॉइलही जुनी झाली होती, ती बदलली, गॅस भरला, पैसे घेतले. आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि गुरुजी परत दारात. तेच पाणी, तीच जागा. मी पुन्हा पाना उचलला, तेवढ्यात मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "एसी तर गेल्या चार दिवसांत लावलाच नव्हता हो."

मी वायपरखालची जाळी उचलली. खाली आंब्याच्या पानांचा लगदा, वर इंचभर पाणी साठलेलं. बाजूची पाणी जायची वाट बंद, म्हणून ते ब्लोअरला, म्हणजे एसीच्या पंख्याला, बाहेरची हवा देणाऱ्या तोंडातून आत उतरत होतं. पानं काढायला दहा मिनिटं लागली. गुरुजींची मजुरी परत केली. कॉइलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण मला अजून खुपतात.

तेव्हापासून हत्यार हातात घेण्याआधी मी चार गोष्टी विचारतो. पाणी पाऊस नसतानाही येतं का? एसी बंद ठेवला तरी येतं का? गाडी धुतल्यावर येतं का? आणि पहिल्यांदा दिसलं तेव्हा गाडीवर नुकतं कुठलं काम झालं होतं? शेवटचा प्रश्न लोकांना चौकशी वाटते, पण उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. कुणी अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंज न धरण्यासाठीचा लेप, करून घेतलेलं असतं आणि फवारणाऱ्याने नळीच्या तोंडावरच काळं लुकण मारलेलं असतं. कुणाची कॉइल बदलली असते आणि बसवताना नळीचा कोपरा नीट दाबला नसतो, किंवा जोडावरची फोमची पट्टी परत लावलेली नसते. आणि आपल्याकडचा खास प्रश्न: मासळीची पेटी मागे ठेवली होती का? बर्फाचं पाणी गालिच्याखालून पुढे येतं. पण त्या पाण्याचा पत्ता नाकालाच लागतो, तपासणी लागत नाही.

वासावरून आठवलं. पाणी चिकट असेल, हिरवं किंवा गुलाबी असेल, गोडसर वास येत असेल, काचेला आतून तेलकट धुकं धरत असेल आणि इंजिनच्या बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी होत असेल, तर ते हीटरच्या कॉइलमधून येतंय. आपल्याकडे हीटर लावतो कोण, म्हणून लोक तो विसरतात. पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी कूलंट त्यातून फिरतच असतं. पांढऱ्या कागदाने टिपून घ्या, रंग लगेच कळतो. जुने मिस्त्री बोट जिभेला लावायचे. तुम्ही लावू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विष आहे, गोड लागतं म्हणून जास्तच वाईट.

गॅसचं एकदा सांगून टाकतो. "पाणी गळतंय, गॅस भरून द्या," ही मागणी रोजची. एसीत गारवा आणणारा आर-१३४ए गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो, त्याचं पायाखाली डबकं होऊच शकत नाही. गळला तर तेलाचा डाग ठेवून उडून जातो आणि गारवा कमी होतो. मात्र आडवाटेने त्याचा संबंध येतो. गॅस कमी पडला, एसीचा फिल्टर धुळीने गच्च झाला किंवा कॉइलवरचा सेन्सर बिघडला, की कॉइलवर बर्फ धरतो. हवा येईनाशी होते. गाडी थांबवली की तो बर्फ एकदम वितळतो आणि पाण्याचा लोंढा ट्रेला झेपत नाही. गिऱ्हाईक सांगेल, "लांब गेलं की वारा बंद होतो, थांबून निघालं की परत येतो." हे वाक्य ऐकलं की नळी नंतर बघा, फिल्टर आधी काढा.

आता तपासायचं कसं. गाडी सपाट, कोरड्या जागी लावा, खाली पुठ्ठा पसरा. पाऊस नको, धुतलेली गाडी नको. एसी पूर्ण गार, ब्लोअर मध्यम, हवा बाहेरची. अर्धा तास. पुठ्ठ्यावर इंजिनच्या मागच्या अंगाला ठिबक पडली तर नळी चालू आहे. पडली नाही आणि आत गालिचा ओला झाला, तर चोर सापडला. चालवताना आणखी एक खूण मिळते. कुंभार्ली घाटात उजवं वळण घेतलं, की डॅशबोर्डमध्ये पाणी डुचमळल्याचा आवाज येतो आणि शेजारच्याच्या पायावर धार येते. मगाशी ट्रे डावीकडे कलल्यावर टेबलावर जे झालं, तेच.

एसीच्या चाचणीत आत कोरडं राहिलं, तर एसी बंद करा आणि पाण्याचा पाइप घ्या. प्रेशरचं मशीन नको, ते चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतं आणि आपल्याला खोटं सांगतं. साधी धार, खालून वर. आधी दाराचा खालचा भाग, मग वायपरखालची जाळी, मग काचेच्या कडा, शेवटी छत आणि सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या. प्रत्येक जागेला पाच मिनिटं. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून खाली ओघळेल आणि कुठून शिरलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

नळी साफ करणं सोपं आहे, तरी त्यातच लोक नुकसान करतात. गाडी रॅम्पवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हा नियम या कामाला सुद्धा. नळीचं टोक बोटांनी चेपून बघा; काही नळ्यांच्या तोंडाला चीर असते, ती चिकटून बसते. मग खालून व्हॅक्यूमने ओढा. टायरचा कॉम्प्रेसर पूर्ण दाबाने लावला तर घाण बाहेर येत नाही, आत उडते, आणि कधी नळी आतल्या जोडातून सुटते. मग झक मारत डॅशबोर्ड उतरवा. जाड तार वर खुपसायची नाही, कॉइलचं ॲल्युमिनियम कागदासारखं पातळ असतं. आणि तोंड बाजूला ठेवा. साठलेलं पाणी सुटतं तेव्हा तपकिरी, गार, कुबट पाणी मनगटावरून बाहीत शिरतं आणि थेट काखेत जातं. हे प्रत्येक मेकॅनिकचं एकदा होतंच, तुमचंही होईल.

भोक मोकळं झालं म्हणून काम संपलं असं नाही. गालिच्याखाली जाड नमदा असतो, तो पाणी धरून ठेवतो. वर हल्ली सगळे चकचकीत मॅटिंग चिकटवून घेतात, त्याखाली महिनोन् महिने ओल राहते आणि वरून हात लावला तर कोरडं. मॅटिंग उचला, नमदा उन्हात टाका. खाली वायरिंग असतं. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात लावण्याआधी बॅटरी सोडवा. आणि सेकंडहँड गाडी असेल तर जरा जास्त बघा. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर मी अशा गाड्या पाहिल्यात, ज्यांच्या एसीची नळी अगदी स्वच्छ होती, पण सीटचा पट्टा पूर्ण ओढला की त्यावर चिखलाची रेघ. तिथे नळी काय करणार.

काही विचारायचंय? हां, मागचे टॅक्सीवाले काका... ते विचारतायत की एसीचं पाणी बादलीत धरून बॅटरीत घातलं तर चालेल का, शेवटी ते वाफेचंच पाणी. काका, तयार होताना शुद्ध असतं, पण मग ते या कॉइलवरून आणि या भोकातून येतं. मगाशी भोकातून काय निघालं ते बघितलंत ना? वायपरच्या टाकीत फडक्यातून गाळून घाला, बॅटरीत नको.