फुगलेल्या रेतीचा हिशेब

(दृश्य: नागपूरच्या बेसा भागातलं बांधकाम, जुलैची सकाळ. रेतीच्या ढिगावर अर्धवट ओढलेली ताडपत्री.)

रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, झालंय, सळाख बांधून झालीय, मिक्सर येऊन उभा आहे. आज इथे स्लॅब पडणार आहे. घरमालक मात्र रेतीच्या ढिगाजवळ मोबाइल हातात घेऊन उभे आहेत. स्लॅबला रेती किती लागेल, याचं त्यांचं उत्तर निघालंय: एक ब्रास आणि वर पाच घनफूट. एवढ्यात काम व्हायला हवं.

मिस्त्री ढिगात हात घालतो, मूठ वळतो, उघडतो. रेतीचा लाडू तसाच राहतो.

"हा हिशेब मे महिन्याचा हाये, भाऊ."

(दृश्य: वहीच्या पानावर आकडेमोड.)

मालकांचा हिशेब चुकलेला नाही. स्लॅब ३० फूट लांब, २० फूट रुंद, ५ इंच जाड. म्हणजे २५० घनफूट काँक्रीट. पण २५० घनफूट काँक्रीटला २५० घनफूट कोरडा माल पुरत नाही. काठोकाठ भरलेल्या चण्याच्या डब्यात रवा ओतून बघा, बराचसा मावतो. तसंच गिट्टीच्या फटींत रेती शिरते, रेतीच्या फटींत सिमेंट शिरतं आणि सगळं मिळून बसतं. म्हणून बांधकामावर १.५४ ने गुणायची रीत आहे. २५० चे झाले ३८५.

मिश्रण एम-२० या दर्जाच्या काँक्रीटचं, मिस्त्रींच्या भाषेत एक-दीड-तीन: एक माप सिमेंट, दीड माप रेती, तीन मापं गिट्टी. एकूण साडेपाच भाग. ३८५ ला साडेपाचनं भागलं की एक भाग ७० घनफुटांचा. ५० किलोच्या एका बोरीत सव्वा घनफुटाच्या आसपास सिमेंट असतं, म्हणजे ५७ बोऱ्या. गिट्टी २१० घनफूट. आणि रेती ७० ची दीडपट, १०५ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून एक ब्रास आणि पाच घनफूट. बीमचा माल यात धरलेला नाही, तो वेगळा मोजायचा.

इथपर्यंत कोणताही मोबाइल पोचवतो. यातली रेती कोरडी धरलेली आहे, हे मात्र तो सांगत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारची रेती भाजलेल्या रव्यासारखी सुटी असते आणि हा आकडा बरोबर बसतो. आज तो बसणार नाही.

(दृश्य: तळहातावर रेती, शेजारी गिट्टीचा खडा.)

ही रेती कन्हानची. सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येणारी ही नदी नागपूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला वळसा घालत वैनगंगेकडे जाते. दाणे बहुतेक गारगोटीचे, पांढरट-पिवळसर, पाण्यानं घासून गोलसर झालेले. गिट्टी मात्र काळी, बेसाल्टची. नागपूर नेमकं दोन खडकांच्या सीमेवर वसलंय: पश्चिमेला लाव्हाचा काळा दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. शहरात एका वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे, यावरून काय ते समजा.

आता रेती ओली झाली की काय होतं? प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि दाणे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. रेती तेवढीच, ढीग मोठा. पाच-सहा टक्के ओलाव्यानं ती पाव पटीनं सहज फुगते, बारीक असेल तर त्याहून जास्त. गंमत अशी, की तीच रेती पाण्यात पूर्ण बुडवली तर पापुद्रे तुटतात आणि ती कोरड्या रेतीएवढीच जागा घेते. मिस्त्री याच गोष्टीचा फायदा घेतो.

(दृश्य: काचेची सरळ बरणी, पट्टी, सळाखेचा तुकडा.)

बरणीत ढिगातली रेती न ठोकता भरली. पट्टीवर उंची २० सेंटिमीटर. मग रेती तसल्यात काढून ठेवली, बरणी पाण्यानं अर्धी भरली आणि तीच रेती थोडी थोडी आत सोडत सळाखेनं ढवळली. पाणी गढुळलं, बुडबुडे आले. थोड्या वेळानं रेती बसली. आता पट्टी लावली: १६.

इथे बरेच जण चुकतात. चार सेंटिमीटर उतरली म्हणून चारला २० नं भागतात आणि वीस टक्के म्हणतात. भागायचं १६ नं, कारण खरी रेती तेवढीच आहे. फुगवटा पंचवीस टक्के.

म्हणजे १०५ घनफूट खऱ्या रेतीसाठी या ढिगातून १३१ घनफूट उचलावी लागेल, सव्वा ब्रासहून थोडी जास्त. ट्रॉलीत माप घेऊन रेती विकत घेताना हाच फुगवटा गिऱ्हाइकाच्या माथी बसतो, हे वेगळं सांगायला नको. मी स्वतः एकदा पावसाळ्यात असाच ओला ब्रास घेतलाय. पैसे पुरे दिले, रेती घरी आली पाऊण ब्रासच्या आसपास.

दुर्लक्ष केलं तर? पेटीनं दीड माप टाकलं, तरी मिक्सरमध्ये जाते १.२ माप रेती. गिट्टीच्या फटी भरत नाहीत, सेंट्रिंग काढल्यावर बीमला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. माल कमी भरतो म्हणून सिमेंटच्या तीनेक बोऱ्या जास्त लागतात, त्या वेगळ्याच.

पाण्याचंही तसंच. एका बोरीला फार तर २७ लिटर पाणी द्यायचं, पण तिच्या वाट्याची ऐंशी-पंच्याऐंशी किलो रेती स्वतःबरोबर चारेक लिटर पाणी घेऊनच येते. ते वजा केलं नाही तर माल पातळ. ओतायला सोपा म्हणून मजूर खूश, घर मात्र जन्मभर कच्चं.

(दृश्य: बोरीभर मापाच्या पेट्या, मिक्सर फिरतोय.)

इथे घमेल्यांनी मोजत नाहीत. घमेलं कोणी सपाट भरतो, कोणी शिगेला. पेटी ३५ लिटरची आहे, एका बोरीच्या सिमेंटएवढी. मिस्त्रीनं दुसऱ्या पेटीच्या आत खिळ्यानं ओरखडा काढला, काठापासून थोडा खाली. आता एका बोरीला रेतीची एक पेटी काठाबरोबर सपाट आणि दुसरी ओरखड्यापर्यंत. दीडच्या जागी पावणेदोनच्या वर.

अकराच्या सुमारास ऊन पडलं. अर्धा स्लॅब झाला होता. ताडपत्री पूर्ण काढली होती, ढिगाचा माथा पांढरा पडत चालला होता आणि मजुराचं फावडं आता तिथूनच रेती ओढत होतं. मिस्त्रीनं मिक्सरवाल्याला हात दाखवून थांबवलं.

"बरणी आण बे."

२० सेंटिमीटर भरली. पाण्यात बसली १८ वर.

त्यानं खिळा घेतला आणि पहिल्या ओरखड्याच्या खाली दुसरा काढला.