माणसं किती, खोल्या किती

(उपग्रहातून टिपलेलं रात्रीचं दृश्य)
हा उजेडाचा पट्टा म्हणजे नाईलचं खोरं. आस्वानपासून कैरोपर्यंत चिंचोळा, पुढे त्रिभुज प्रदेशात फाकलेला. इजिप्तचे सुमारे ९५ टक्के लोक साधारण ५ टक्के जमिनीवर राहतात, बाकी वाळवंट. देशाच्या सरासरी घनतेत, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती माणसं या आकड्यात, हे दिसत नाही. लोकसंख्येला नुसत्या लागवडीच्या जमिनीने भागा, आकडा कितीतरी पटींनी फुगतो.

(चीनचा नकाशा)
भूगोलतज्ज्ञ हू हुआनयोंग यांनी १९३५ मध्ये चीनच्या नकाशावर ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे एक तिरकी रेघ ओढली. तेव्हा पूर्वेला ३६ टक्के जमीन होती आणि ९६ टक्के माणसं. ही रेघ वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस दाखवणाऱ्या रेषेलगत जाते. पाऊस त्याहून कमी झाला आणि पाटपाणी नसलं, की पिकाचा भरवसा उरत नाही. मग गुरं-मेंढ्या पाळायच्या. त्यात एका कुटुंबाला लागणारं चराऊ रान शेतापेक्षा खूप मोठं.

(इंडोनेशियातलं जावा बेट, धुमसता मेरापी ज्वालामुखी)
राख पडते, गावं रिकामी होतात. पण हीच राख हळूहळू झिजून जमीन कसदार करते. पाणी असेल तिथे वर्षाला भाताची दोन-तीन पिकं निघतात. लोक परत येतात.

(शहर, पहाटेची गर्दी)
शहरात माणूस रोजगाराजवळ राहतो. हातावर पोट असलेल्याला रोजचा लांबचा प्रवास परवडत नाही, म्हणून तो कामाजवळची लहान खोली धरतो.

(खोलीच्या आत)
खरी दाटी इथे मोजायची. तेवढ्याच जागेवर तेवढीच माणसं तीस मजल्यांवर विभागली, तर प्रत्येकाला खोली मिळू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या निकषानुसार एका खोलीत तिघांहून अधिक माणसं असली की जागा अपुरी. या खोलीच्या तीन भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, म्हणून खिडकी एकच. समोर दुसरी वाट नसल्याने वारा खेळत नाही. धूर, दमटपणा आतच राहतो. क्षयाचे जंतू अशा हवेत तासन्‌तास तरंगतात. छताजवळ झरोका ठेवला तर गरम हवा निघून जायला वाट मिळते. मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची झोप, भांडणं, सगळं याच चार भिंतींत.

(शहराबाहेरच्या नव्या इमारती)
इथे खिडक्या समोरासमोर आहेत. काम मात्र दूर राहिलं. अशा ठिकाणी काही कुटुंबं नवं घर भाड्याने देतात आणि पुन्हा जुन्या वस्तीत खोली शोधतात.