बी-१२: आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या

मंडळी, आज एकाच जीवनसत्त्वाबद्दल बोलतो. बी-१२ भाजीपाल्यात, डाळीत नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच मिळतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि पेलाभर दुधातून मिळतं साधारण एक. चहात पडणाऱ्या दुधाचा हिशेब यावरून करा. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. मांसाहार करणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये: मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, जठराची शस्त्रक्रिया झाली, तर खाल्लेलं बी-१२ नीट शोषलं जात नाही.

ओळखायचं कसं? थकवा, धाप, लाल गुळगुळीत जीभ ही लक्षणं आहेतच. मी जास्त महत्त्व देतो ते पायांना. तळपायांना मुंग्या, बधिरपणा, पायातून चप्पल निसटलेली न कळणं, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणं. अशा वेळी हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित असू शकतं. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, रिपोर्टात एमसीव्ही (पेशींचं सरासरी आकारमान) शंभरच्या वर जातो. पण लोह कमी असलं की पेशी लहान होतात. सोबत तेही कमी असेल, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा असतं, तर हा आकडा नॉर्मल दिसतो आणि सगळेच फसतात.

दुसरी फसगत फॉलिक ॲसिडची. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार गरोदर स्त्रियांचा पंडुरोग त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट, फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप. ते बी-१२च्या कमतरतेतलं रक्तही सुधारतं, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. म्हणून कारण न शोधता नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नये.

तपासणीचं रक्त पहिल्या इंजेक्शनआधी द्या, नंतरचा आकडा निरुपयोगी. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये संशय असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) तपासतात.

मुंग्या, तोल जाणं असेल तर इंजेक्शनच हवं: १,००० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, पुढे महिन्याला, नेमकं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. पंडुरोग तीव्र असेल तर पहिल्या काही दिवसांत पोटॅशियम उतरू शकतं, तेही तपासावं. सौम्य कमतरतेत रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. एवढी मोठी मात्रा कशाला? जठरातल्या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जातात. बाकीच्यातला जेमतेम एक टक्का आपोआप आत झिरपतो. हजारातले ते दहा गरज भागवतात.

नव्या पेशी आठवड्यात दिसू लागतात, हिमोग्लोबिन दोन महिन्यांत सावरतं. मुंग्यांना सहा महिने, कधी वर्ष लागतं. उपचाराला फार उशीर झाला असेल तर काही बधिरपणा कायम राहतो. बरं वाटलं म्हणून औषध थांबवू नका: आहार बदलणार नसेल तर गोळी चालूच ठेवावी लागते, आणि जठराचं कारण असेल तर आयुष्यभर.