रविवारच्या कामाचा मालक कोण?

(नागपूरचं खापरी मेट्रो स्थानक, संध्याकाळ. मिहानमधल्या कंपन्यांतून सुटलेली गर्दी.)

इथल्या बऱ्याच बॅगांमध्ये कंपनीचा लॅपटॉप आहे. त्यातल्या एखाद्यात रात्री जागून लिहिलेली एकांकिकाही असेल, किंवा अर्धवट झालेलं अ‍ॅप. ते कोणाचं?

कॉपीराइट कायदा, १९५७. कलम १७ सांगतं की रचणारा तोच पहिला मालक. मात्र नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं. घड्याळाचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून ऑफिसचं डिझाइन रविवारी धरमपेठेतल्या घरी पूर्ण केलं तरी ते कंपनीचं. आणि अकाउंटंटनं डबा खाताखाता लिहिलेली कविता त्याचीच.

(लॅपटॉपच्या पडद्यावर कोड.)

खरी गाठ मधल्या कामांची. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी घरी हिशेबाचं अ‍ॅप बनवते. कंपनी म्हणणार, हे तर आमचंच काम! लॅपटॉप कंपनीचा असला म्हणून मालकी आपोआप जात नाही. पण राजीनाम्याच्या दिवशी मशीन जमा होतं आणि तारखांचा पुरावाही त्याच्यासोबत जातो. जुना का होईना, लॅपटॉप स्वतःचा हवा. ईमेलही स्वतःचा.

(अपॉइंटमेंट लेटरचं पान.)

हे पान सहसा कोणी वाचत नाही. ‘नोकरीच्या काळातली सर्व निर्मिती कंपनीची’ असं एक वाक्य यात बरेचदा असतं. नोकरीबाहेरच्या कामाचे हक्क द्यायचे तर कलम १९ लागतं: करार लेखी हवा, सही हवी, काम कोणतं ते नमूद हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे त्या ढोबळ वाक्याविरुद्ध भांडायला जागा आहे. पण कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा सहीआधी दुरुस्ती मागणं स्वस्त.

रुजू होण्याआधीच्या कामांची यादी करा, तारखांसकट, आणि ती पत्राला जोडा. मल्याळम व्यंगचित्रकार टॉम्स यांची पात्रं नोकरीआधीच जन्मली होती. त्या पात्रांवरून नोकरी देणाऱ्या वृत्तपत्राशी वाद झाला, तेव्हा १९८८ मध्ये केरळ उच्च न्यायालयात हाच मुद्दा त्यांच्या कामी आला.

नंतर सुचलेल्या कामासाठी एचआरला दोन ओळींचा ईमेल: काय करतोय, कंपनीच्या कामाशी संबंध का नाही. उत्तरही लेखीच घ्यायचं. चहाच्या टपरीवर साहेब म्हणाले, ‘चालते ना जी, कर तू,’ तर ऑफिसात परतल्यावर तेच ईमेलवर मागायचं.