ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा थेंब

(दृश्य : पुण्यातल्या प्रयोगशाळेचं टेबल. ब्युरेट (थेंब थेंब द्रव सोडणारी, खुणा असलेली काचेची नळी), तराजू, मालवणहून आलेल्या समुद्राच्या पाण्याच्या दोन बाटल्या.)

खुल्या समुद्रातून पाणी प्रवाळांवर येतं, तिथला नमुना एका बाटलीत. प्रवाळांवरून वाहून ते बाहेर पडतं, तिथला दुसरीत. मधल्या वाटेत पॉलिपनी, म्हणजे प्रवाळांतल्या चिमुकल्या जिवांनी, पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन चुन्याचा सांगाडा बांधला. किती बांधला, ते पाण्यालाच विचारता येतं.

कॅल्शियम मोजून मात्र उत्तर मिळत नाही. एक किलो समुद्राच्या पाण्यात ते सुमारे 412 मिलिग्रॅम असतं. त्यातला एक मिलिग्रॅम कमी झाला तर कळणार कसा? म्हणून अल्कलिनिटी मोजायची, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती किलोमागे साधारण 2300 मायक्रोमोल (मोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं माप). चुन्याचा एक मायक्रोमोल बांधला की ती दोन मायक्रोमोलनी उतरते.

(दृश्य : जवळून ब्युरेटचं टोक.)

शंभर ग्रॅम पाणी तोलून घ्या. मापाने नको, तराजूनेच. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या आम्लात रंग बदलणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब टाका, पाणी निळं होईल. आता 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत, ढवळत राहा. निळ्याचं हिरवं झालं, पिवळ्याकडे झुकू लागलं की थांबा. आम्ल लागलं सुमारे 2.3 मिलिलीटर. दुसऱ्या बाटलीला 0.05 मिलिलीटर कमी लागलं, तर फरक फक्त एका थेंबाचा. पण त्याचा अर्थ, पाण्याच्या दर किलोमागे अडीच मिलिग्रॅम चुना प्रवाळांवर बसला.

एका थेंबावर हिशोब असल्यामुळे चुका महागात पडतात. पाणी किनाऱ्यावरच गाळलं नाही, तर शिंपल्यांची भुकटी आम्लात विरघळते आणि अल्कलिनिटी खोटी वाढते. गाळलेल्या पाण्यात मर्क्युरिक क्लोराइड घातलं नाही, तर प्रवासात जिवाणू पाणी बदलून टाकतात. हे क्लोराइड जहर आहे. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. पावसाळ्यातले नमुने तर घेऊच नयेत. खाडीचं गोडं पाणी स्वतःची अल्कलिनिटी घेऊन येतं, आणि पाणी किती खारट आहे यावरून साधी दुरुस्ती करून ते वेगळं काढता येत नाही.

(दृश्य : मर्क्युरिक क्लोराइड न घातलेल्या समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉने फुंकर.)

सामू (pH) मोजणारं यंत्र पाहा, आकडा घसरतोय, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळला. अल्कलिनिटी मात्र होती तेवढीच राहिली. प्रवाळांवर रात्री हेच घडतं: पॉलिप, मासे, शैवाल सगळेच श्वास सोडतात, आणि दिवसा तो कार्बन ओढून घेणारं प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं. सामू उतरतो, आणि वाळूतला, मेलेल्या सांगाड्यांतला चुना विरघळू लागतो. जिवंत पॉलिप हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलून आपल्या सांगाड्याजवळचा सामू वर ठेवतो. त्यासाठी त्याला ऊर्जा खर्चावी लागते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राचा सामू आधीच 8.2 वरून 8.1 वर आलाय, त्यामुळे हा खर्च वाढतो.

(दृश्य : तिसरी बाटली, दुसरीच्याच जागेची. चिठ्ठीवर वेळ, पहाटे पाच.)

हिला दिवसा भरलेल्या दुसरीपेक्षा जास्त आम्ल लागेल. पहिलीपेक्षाही जास्त लागलं, तर रात्रभरात या प्रवाळांवर बांधकामापेक्षा झीज जास्त झाली.