दाराला कडी, बातमी गल्लीत

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय सभागृहाच्या बंद दाराबद्दल. म्हणजे प्रेक्षकांना आणि पत्रकारांना बाहेर काढून मेंबर लोक आत बसतात ना, त्याबद्दल.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, नेमणुका आणि परराष्ट्र करार ज्या बैठकीत होतात तिला एक्झिक्युटिव्ह सेशन म्हणतात, आणि 1929 पर्यंत ही बैठक बहुतेक वेळा गुप्तच असायची. गुप्त म्हणजे काय, तर 1848 मध्ये मेक्सिकोबरोबरचा तह आत चर्चेला होता आणि तोच न्यूयॉर्क हेरल्डमध्ये छापून आला! सिनेटने जॉन न्यूजंट नावाच्या पत्रकाराला पकडून कॅपिटॉलमधल्याच, म्हणजे त्यांच्या संसद भवनातल्याच, एका कमिटी रूममध्ये ठेवलं, कोणी दिलं सांग म्हणाले, हा पठ्ठ्या काही बोलेना. उलट तिथूनच पेपरला मजकूर पाठवत राहिला, आणि मालकाने पगार डबल केला. शेवटी सोडून द्यावं लागलं. आता मला सांगा, कागद फोडला आतल्याच कुणीतरी असणार, नाहीतर बाहेर येईल कसा, आणि कोंडलं कुणाला?

1929 मध्ये परत तेच. लेनरूट यांच्या न्यायाधीशपदाच्या नेमणुकीवर कोणी कसं मत दिलं, ती अख्खी यादीच पॉल मॅलन या पत्रकाराने छापली. खूप आरडाओरड झाली, पण त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटने नियम बदलला आणि ही कामं उघड्यावर आली. नाव मात्र तेच राहिलं, म्हणून आजही एक्झिक्युटिव्ह सेशन म्हटलं की लोकांना वाटतं आत काहीतरी शिजतंय.

आपल्या लोकसभेच्या नियमांतही गुप्त बैठकीची सोय आहे बरं का, नियम 248, सभागृहनेत्याने मागणी केली की अध्यक्ष वेळ ठरवून देतात, आणि आतलं बाहेर सांगितलं तर विशेषाधिकारभंग. 1962 मध्ये चीनशी लढाई चालू असताना अशी बैठक घ्या म्हणून काहींनी सुचवलं होतं, नेहरूंनी नको म्हटलं, चर्चा उघडच झाली.

माझं म्हणाल तर सैन्य कुठे आहे, गुप्तहेर काय सांगतात, यावर दार लावा, माझी काही हरकत नाही. पण कुणाला खुर्ची द्यायची आणि मत कुणी कुठे टाकलं, हे कशाला झाकायचं? ज्याने मत देऊन पाठवलंय त्याला हिशोब नको का?

सिनेटला दार अजूनही लावता येतं. एकाने सूचना मांडायची, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, झालं, गॅलरी रिकामी. 1 नोव्हेंबर 2005 ला तेव्हाचे अल्पमतवाल्यांचे नेते हॅरी रीड यांनी इराक युद्धाच्या गुप्त माहितीवरून अचानक तेच केलं. आत चर्चा गुप्त, आणि बाहेर बहुमतवाल्यांचे नेते फ्रिस्ट पत्रकारांपुढे भडकलेले.