पत्राखालचा पत्ता : फॅनझिनची चक्रमुद्रित दुनिया

(दृश्य : टाइपरायटरच्या रुळावर मेणाचा कागद चढवला जातो.)

टाइपरायटरवर चढवला जाणारा हा निळसर कागद म्हणजे स्टेन्सिल. पातळ पण चिवट कागदावर मेणाचा थर दिलेला असतो आणि टंकाचा ठोका बसला की तेवढ्या जागेवरचे मेण बाजूला सरते. ठोका थेट मेणावर बसावा म्हणून यंत्राची फीत आधी बाजूला करावी लागते, आणि त्यामुळे टंकलेखन करणाऱ्याला आपण काय उमटवतो आहोत हे धड दिसतही नाही. आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या प्रश्नपत्रिका किंवा कामगार संघटनांची पत्रके सायक्लोस्टाइलवर, म्हणजे चक्रमुद्रणाने, काढली आहेत, त्यांना हे स्टेन्सिल कापणे परिचयाचे असेल. अमेरिकेत १९३० नंतरची काही दशके विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि कॉमिक्स यांच्या वाचकांनी स्वतःच्या हौसेने जी नियतकालिके काढली, त्यांतली बरीचशी याच कागदातून बाहेर पडली. त्यांना फॅनझिन म्हणतात.

स्टेन्सिल कापताना हात सैल असून चालत नाही आणि जड असूनही चालत नाही. रोमन लिपीतल्या ‘ओ’ या अक्षरावर ठोका जोरात बसला, तर त्याचा मधला गोल तुकडाच गळून पडतो आणि छापताना त्या जागी काळा ठिपका येतो. चूक झाली की लहानशा ब्रशने करेक्शन फ्लुइड लावायचे, ते पुरते वाळू द्यायचे आणि त्याच जागी पुन्हा अक्षर मारायचे. अनेक संपादक लेखाचा कच्चा खर्डा न करता थेट स्टेन्सिलवरच मजकूर रचत असत, म्हणून जुन्या अंकांतली वाक्ये कधी मध्येच वळण घेतात, तर कधी पानाची जागा संपली म्हणून आवरती घेतलेली दिसतात.

(दृश्य : काचेखाली दिवा, काचेवर स्टेन्सिल ठेवून रेखाटन चालू आहे.)

चित्रांसाठी स्टेन्सिल खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून बोथट टोकाच्या लेखणीने रेघा ओढतात. येथे घाई केली की कागद फाटतो. तयार झालेले स्टेन्सिल सायक्लोस्टाइल यंत्राच्या शाईच्या रुळावर गुंडाळले जाते आणि मूठ फिरवली की मेण सरलेल्या जागांतून शाई झिरपून कागदावर उमटते. कागद मुद्दाम शाई शोषणारा, काहीसा जाड घ्यावा लागतो. तरीही ओली शाई वरच्या पानाच्या पाठीला लागू नये म्हणून दक्ष मंडळी दोन पानांमध्ये रद्दीचे कागद सारत आणि ते नंतर एकेक करून काढून घेत. मग जेवणाच्या टेबलाभोवती पानांचे गठ्ठे मांडून, गोल फिरत पाने लावायची आणि कडेला पिना मारायच्या. जमलेल्या मित्रांच्या गप्पा याच कामाच्या वेळी रंगत.

ज्यांना हे यंत्रही परवडत नसे, ते ट्रेमध्ये ओतलेल्या जिलेटिनच्या थरावर जांभळ्या शाईचा मूळ कागद दाबून प्रती काढत. पन्नासाच्या आसपास प्रती निघाल्या की अक्षरे फिकट होऊ लागत, म्हणजे अंक किती जणांपर्यंत जाणार हे त्या जिलेटिनवरच ठरत असे. आपल्याकडेही दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी पन्नासच्या दशकात काढलेले ‘शब्द’ हे नियतकालिक चक्रमुद्रितच होते. विषय अगदी निराळा, कवितेचा. परंतु प्रकाशकाची वाट न पाहण्याची वृत्ती तीच.

(दृश्य : जुन्या मासिकातले पत्रव्यवहाराचे पान, कॅमेरा पत्रलेखकाच्या पत्त्यावर थांबतो.)

ही सारी खटपट ज्यांच्यासाठी करायची, ते वाचक एकमेकांना सापडले कसे, याचे उत्तर या पानावर आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली. आपल्या गावात आपल्यासारखा वाचणारा कोणीही नाही असे समजणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावातला पत्ता मिळाला. मे १९३० मध्ये शिकागोच्या ‘सायन्स करस्पॉन्डन्स क्लब’ने ‘द कॉमेट’ काढले. सर्वसाधारणपणे त्यालाच पहिले फॅनझिन मानले जाते. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायझिंगर यांचे ‘द टाइम ट्रॅव्हलर’ आले. चार्ल्स हॉर्निग या सतरा वर्षांच्या मुलाने १९३३ मध्ये ‘द फँटसी फॅन’ सुरू केले. ते मात्र खिळ्यांच्या छपाईत निघाले. त्याचा पहिला अंक पाहून गर्न्सबॅक यांनी या मुलाला थेट आपल्या ‘वंडर स्टोरीज’ या मासिकाच्या संपादनाचे काम दिले. भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा भयकथेवरील दीर्घ निबंध हॉर्निग क्रमशः छापत होता. १९३५ मध्ये अंक बंद पडला, तेव्हा निबंध अर्धवटच राहिला होता. फॅनझिन असे अधेमधे बंद पडणे ही मुळीच अपवादाची गोष्ट नव्हे, आणि त्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही.

अंकाची किंमत हा प्रकारही पाहण्यासारखा आहे. पुष्कळ संपादक थोडी नाणी, अंकावरील अभिप्रायाचे पत्र किंवा वाचकाने स्वतः काढलेला अंक, यांपैकी काहीही स्वीकारत. अभिप्रायाची पत्रे पुढच्या अंकात छापली जात, आणि कित्येक अंकांमध्ये हा पत्रव्यवहारच मुख्य मजकुरापेक्षा अधिक वाचनीय आहे. १९३७ मध्ये डोनाल्ड वोलहाइम यांच्या पुढाकाराने ‘फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ स्थापन झाली. प्रत्येक सदस्याने आपल्या अंकाच्या ठरलेल्या प्रती एका व्यक्तीकडे पाठवायच्या आणि त्या व्यक्तीने सर्वांचे गठ्ठे बांधून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला टपालाने रवाना करायचे, अशी तिची पद्धत होती. या मंडळींची आपसांतली भांडणेही टोकाची होती. परंतु तो स्वतंत्र माहितीपटाचा विषय आहे.

(दृश्य : कॉमिक्सची रंगीत मुखपृष्ठे, त्यानंतर जांभळ्या अक्षरांतले एक फिकट पान.)

तीस वर्षांनी हेच पुन्हा घडले, या वेळी कॉमिक्सच्या बाबतीत. ज्युलियस श्वार्ट्झ आता डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेत संपादक होते. १९६१ मध्ये त्यांनी वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. त्याच वर्षी डेट्रॉइटमधील प्राध्यापक जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर ईगो’ काढले, आणि त्यांचे तरुण साथीदार होते रॉय थॉमस. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये डिक आणि पॅट लुपॉफ या दांपत्याने ‘झीरो’ सुरू केले होते, आणि टोल्किनच्या वाचकांचे ‘आय पॅलंटीर’ही १९६० मध्येच निघाले होते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगायचे, तर थॉमस १९७२ मध्ये मार्व्हल या कॉमिक्सच्या प्रकाशनसंस्थेचे मुख्य संपादक झाले, ‘झीरो’ला १९६३ मध्ये विज्ञानकथाक्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि क्लीव्हलँडच्या जेरी सिगेल व जो शुस्टर या दोन मुलांनी १९३३ च्या जानेवारीत आपल्या चक्रमुद्रित अंकात ज्या टक्कल पडलेल्या खलनायकाची कथा छापली होती, त्याचे ‘सुपरमॅन’ हे नाव त्यांनी पुढे एका नायकाला दिले.

(दृश्य : ग्रंथालयातील राखाडी खोकी, हातमोजे घातलेले हात एक अंक उघडतात.)

रस्टी हेव्हलिन यांनी जमवलेली सुमारे १०,००० फॅनझिने आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. स्वस्त कागदातल्या आम्लामुळे पाने तपकिरी पडून कडांना तुटतात आणि गंजलेल्या पिनांचे डाग शेजारच्या ओळींवर उतरतात, म्हणून ग्रंथालयाने त्यांच्या डिजिटल प्रती करणे हाती घेतले. फिकट जांभळी अक्षरे आणि ठिपका झालेले ‘ओ’ संगणकाला नीट वाचता येत नाहीत. त्यामुळे पानांचा मजकूर उतरवून घेण्याच्या कामात स्वयंसेवक वाचकांचा हातभार घेण्यात आला.